मेणातला तुकडा

दादाची चप्पल भर रस्त्यात राहिली आणि तो तसाच पुढे चालत गेला. आईचा चष्मा बदलून आणायला दोघं बहीणभाऊ बाहेर पडले होते. सिग्नल सुटायच्या बेतात होता म्हणून तिनेच त्याला घाई केली होती. पलीकडच्या फुटपाथवर पोचल्यावर सहज मागे वळून पाहिलं तर दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये एक तपकिरी चप्पल पडलेली आणि गाड्या तिला चुकवून चाललेल्या. "अरे, तुझी चप्पल!" ती ओरडली. त्याने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे, आणि तो अनवाणी पाय त्याने असा न्याहाळला की जणू कोणी दुसऱ्याचाच पाय त्याच्यापुढे आणून ठेवलाय. ऊन एवढं होतं की डांबर मऊ पडलं होतं. "भाजलं नाही तुला?" तिने विचारलं. "भाजलं असेल," तो म्हणाला. हा 'असेल' तिने मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिला. चप्पल आणायला तो पुन्हा रस्त्यात उतरणार तेवढ्यात तिने त्याचा दंड धरला, आणि मग चष्म्याच्या दुकानासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, म्हणाली, "जीभ काढ बघू." "इथं? लोक काय म्हणतील चिमे, एवढी प्रोफेसर झाली आणि भावाला भर रस्त्यात जीभ काढायला लावते." पण काढली त्याने. गुळगुळीत होती, लाल, वरचा खरखरीतपणा सगळा झिजून गेलेला. गेले कित्येक महिने तिखट सोसत नाही म्हणून तो वहिनीवर कुरकुरत होता. जिना उतरताना भिंतीला हात लावायचा. चेहऱ्यावर जुन्या कागदासारखी पिवळट छटा आली होती. हे सगळं तिने दर रविवारी पाहिलं होतं, पण सुटं सुटं पाहिलं होतं. भाऊ म्हणून पाहिलं होतं. बेरीज आत्ता झाली, एका चपलेमुळे.

तिचं काम पोटाचं. घरात असंच म्हणत, "ती पोटाचं काहीतरी करते." रोगी तपासणारी डॉक्टर ती नव्हतीच, मोठ्या इस्पितळाला जोडून एक संशोधन संस्था होती, तिच्या दुसऱ्या मजल्यावर तिची प्रयोगशाळा, आणि उमेदीची सगळी वर्षं तिने एका वाकड्या, शेपटीवाल्या जंतूवर घातली होती. तो जठरात राहतो, जिथल्या आम्लात काहीच जगू शकणार नाही असं एके काळी सगळे शहाणे लोक मानत. लहानपणी तो बहुधा घरातल्याच कोणाकडून येतो, एका ताटातून, एका पेल्यातून, आणि औषध दिलं नाही तर जन्मभर मुक्काम ठोकतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. काहींना अल्सर होतो. आणि थोड्यांच्या बाबतीत, असं तिला वाटत होतं आणि तेच सिद्ध करण्यात तिचे केस पांढरे झाले होते, निराळीच भानगड होते. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूवर धावून जाते आणि त्या झटापटीत जठराच्या स्वतःच्याच पेशींना परकं समजायला लागते. जंतू मरून गेला तरी ती थांबत नाही. आम्ल तयार करणाऱ्या पेशी एकेक करत संपतात, त्यांच्याबरोबर बी-ट्वेल्व्ह शोषून घ्यायची सोय संपते, मग रक्त फिकं होतं, जीभ सोलवटते, पायांच्या नसा बोथट होतात. हे जंतूमुळेच होतं का, यावर अजून एकमत नव्हतं. परिषदांमध्ये लोक तिच्याशी हुज्जत घालत आणि तीही घाली. मागे तिच्या एका विद्यार्थिनीने प्रबंधात लिहिलं होतं की या आजारात शरीर स्वतःलाच शिक्षा देतं. तिने ते वाक्य लाल शाईने काढून टाकलं होतं. पेशींना शिक्षा कळत नाही, ती म्हणाली होती, त्यांना फक्त प्रथिनाचा आकार कळतो. एक आकार दुसऱ्यासारखा दिसला की फसतात. त्यात गोष्ट शोधू नका.

रक्ताचे आकडे तिला वाटलं होतं तसेच आले. पोटात दुर्बीण घालणारा डॉक्टर तिच्या वर्गातला होता. त्याने दादाला आत घेतलं तेव्हा ती बाहेर थांबली नाही, पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. इतकी जठरं पाहिली होती, पण ज्याच्या पाठीवर बसून ती शाळेत गेली त्याचं आतून पाहणं वेगळं. निरोगी जठराला जाड घड्या असतात. इथे घड्या नव्हत्याच. भिंत पातळ, सपाट, फिकी, आणि तिच्यातून रक्तवाहिन्यांची जाळी आरपार दिसत होती. वर्गमित्राने तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. नंतर बायोप्सीचे तुकडे तिने स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहिले. ज्या पेशी दिसायला हव्या होत्या त्यांच्या जागी दुसऱ्याच भलत्या पेशी येऊन राहिल्या होत्या. जंतू कुठेच नव्हता. असल्या ओसाड जठरात तोही टिकत नाही. "किती जुनं असेल?" तिने विचारलं, उत्तर माहीत असून. "वीसेक वर्षं कुठे गेली नाहीत," वर्गमित्र म्हणाला. "पण अगं, इंजेक्शनं सुरू कर, माणूस ठणठणीत होईल. चेहरा कशाला पाडतेस?"

चेहरा तिने पाडला नव्हता. ती दुपारी दादाच्या वर्कशॉपमध्ये गेली तेव्हा चांगल्या मनःस्थितीतच होती, कारण औषध असलेला आजार निघाला होता. वर्कशॉप बाबांचं. जळक्या मोटरी येत, त्यांतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार भरून द्यायची, हा धंदा. आत शिरलं की व्हार्निशचा गोडसर, डोक्यात जाणारा वास येई. तो वास म्हणजेच बाबा असं तिला लहानपणी वाटे. दादा स्टुलावर बसून एका पंपाच्या मोटरीत कॉइल बसवत होता. त्याची बोटं अजून शाबूत होती, निदान तो तसं म्हणत होता. तिने त्याला सगळं समजावून सांगितलं, जसं ती कोणालाही सांगे, सोपं करून. "म्हणजे माझीच माणसं माझ्यावर उलटली म्हणायची," तो हसून म्हणाला. "माणसं नाहीत रे, पेशी." "तेच ते. आणि हे आलं कुठून?" "लहानपणीच आलं असणार, घरातून. बाबांकडून, माझा अंदाज. बाबांचा अल्सरसुद्धा त्याच जंतूचा. तेव्हा कोणाला माहीत नव्हतं इतकंच. सगळे म्हणायचे डोक्याला ताप झाला की अल्सर होतो." वर्गात सांगावं तशी ती हे बोलून गेली, आणि बोलता बोलता पर्समधून इंजेक्शनचा कागद काढत होती. वर पाहिलं तर त्याचा हात थांबलेला होता. तारेचं टोक दोन बोटांत धरलेलं, आणि तो मोटरीच्या पोकळीत बघत होता, तिथे काही पडलंय आणि ते शोधतोय असं.

मग तिला आठवलं. म्हणजे ती कधी विसरली नव्हतीच, पण आपण काय बोललो ते तिला आत्ता कळलं. ती नऊ वर्षांची होती, तो बावीसचा. त्याला जहाजावर इंजिनिअर म्हणून नोकरी लागत होती, परीक्षा पास झाला होता, आणि बाबा म्हणत होते की वर्कशॉप कोण बघणार. सुट्टीची दुपार होती. सगळे जेवायला बसले होते. बाबांचा आवाज चढला, मग दादाचा चढला. इतका की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी लावून घेतलेली तिला ऐकू आली. "तुम्ही मेल्यावर तरी जाऊ द्याल का मला?" दादा म्हणाला. बाबा ताटावरून उठले. हात धुवायला गेले असं वाटलं. मग मोरीतून आवाज आला, आणि आईने धावत जाऊन पाहिलं, आणि ती आईच्या मागोमाग गेली म्हणून तिलाही दिसलं. लाल नव्हतं. काळं होतं, चहाच्या चोथ्यासारखं. नंतर लाल आलं. शस्त्रक्रिया झाली, अर्धं जठर काढलं, आणि पाचव्या दिवशी डॉक्टर बाहेर आला आणि त्याने मान खाली घातली. तिथे बाकावर ती होती, दोन मावश्या होत्या, दादा भिंतीला टेकून उभा होता. आईने डॉक्टरकडे पाहिलं नाही, दादाकडे पाहिलं. "झालं तुझ्या मनासारखं?" ती म्हणाली. एकदाच म्हणाली. पुढे कधीही, रागात, आजारपणात, भांडणात, तिने हे वाक्य पुन्हा उच्चारलं नाही. गरजच नव्हती. पुढच्या सोमवारी दादाने वर्कशॉप उघडलं आणि त्यानंतर कोणीही, कधीही, त्याचा चढलेला आवाज ऐकला नाही. गिऱ्हाईकाने पैसे बुडवले तरी नाही, तिने एका परजातीच्या मुलाशी लग्न ठरवलं आणि घरात रणकंदन माजलं तेव्हाही नाही. त्याने तिला शिकवलं, वसतिगृहाचा खर्च केला, परदेशी पाठवलं. लोक म्हणत, भाऊ असावा तर असा, शांत.

"म्हणजे त्या दिवशी," दादा म्हणाला, आणि थांबला. मग तारेचं टोक सोडून त्याने विचारलं, "तुला नक्की माहीत आहे?" ती हो म्हणणार होती. तोंडापर्यंत आलं होतं. पण आयुष्यभर जे केलं त्याची सवय आडवी आली. "नक्की असं नाही म्हणता येणार. तशा अल्सरांत दहातले नऊ..." "मग नको बोलूस," तो हळूच म्हणाला. चिडून नव्हे. "दहातले नऊ वगैरे नको सांगूस मला, चिमे. माहीत असेल तर सांग, नाहीतर राहू दे." आणि पुन्हा तार घेऊन मोजायला लागला. वेढे मोजताना त्याचे ओठ हलत. ती थोडा वेळ बसली, मग इंजेक्शनचा कागद बाकावर ठेवून निघून आली. रस्त्यातून चालताना तिला स्वतःचीच चीड येत होती, आणि ती कशाची ते तिला नीट सांगता येईना. ती इतकी वर्षं जगभरच्या लोकांना सांगत होती की अल्सर काळजीने होत नाही, भांडणाने होत नाही. भाषणात सांगितलं होतं, मुलाखतीत सांगितलं होतं. आणि ज्या एका माणसाला हे सांगायला हवं होतं तो दर रविवारी तिच्यासमोर बसून जेवत होता. तिला सुचलंच नव्हतं असं नाही. पण बाबांचं मरण ती ज्या खोलीत ठेवी आणि तिचं काम ज्या खोलीत चाले त्यांच्यामध्ये दारच नव्हतं.

शरीरातून काढलेला तुकडा फेकून देत नाहीत, मेणात बसवून ठेवतात, हे तिच्या रोजच्या वापरातलं ज्ञान होतं. बाबांची शस्त्रक्रिया झाली ते इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला अजून चालू होतं. तिथल्या पॅथॉलॉजीच्या प्रमुख बाई तिला नावाने ओळखत. "इतकं जुनं?" त्या म्हणाल्या. "एकदा पाणी शिरलं होतं तळघरात, बरंच गेलं. बघते, पण भरवसा ठेवू नका." वारस म्हणून तिची आणि दादाची संमती पुरली, आईला त्यात ओढावं लागलं नाही. दादाने कागद न वाचता सही केली. आठवडे गेले. दरम्यान त्याची इंजेक्शनं सुरू झाली, चेहऱ्यावर रंग चढला, तिखटाची कुरकुर कमी झाली. ती कामात होती, आणि कामात असताना मध्येच थांबून, आपल्याला काय हवंय याचा विचार करी. जंतू सापडला तर दादा सुटेल. नाही सापडला तर? अल्सर दुसऱ्या कारणांनीही होतात. अभ्यासक म्हणून दोन्ही उत्तरं सारखीच स्वीकारायला हवीत, असं ती विद्यार्थ्यांना सांगत आली होती. तिला दोन्ही सारखी वाटत नव्हती. तिला आधीपासूनच एक हवं होतं, आणि असं हवं असलेल्या माणसाने मायक्रोस्कोपला डोळा लावू नये हेही तिला ठाऊक होतं. म्हणून मेणाचे ठोकळे आले तेव्हा तिने त्यांचे काप आपल्या तंत्रज्ञाकडून करून घेतले, जंतू असले तर काळे उठून दिसावेत म्हणून चांदीचा रंग द्यायला लावला, आणि रुग्ण कोण ते न सांगता काप बसवलेल्या काचा आधी दुसऱ्या एका सहकाऱ्याकडे पाठवल्या. ठोकळे तेवढे तिने हातात घेऊन पाहिले. अंगठ्याच्या पेराएवढे. मेण पिवळं पडलं होतं, एकाचा कोपरा उडाला होता. आत तपकिरी काहीतरी. आंघोळीहून आलेले, पावडर लावलेले, तिला खांद्यावर घेणारे बाबा पूर्णपणे गेले होते. त्यांची चितासुद्धा तिने पाहिली नव्हती, मुलींना नेलं नव्हतं. आणि हे एवढं इथे होतं. दूध गरम नाही ना हे पाहायला ते पेल्यातला पहिला घोट स्वतः घेत आणि मग पेला तिच्या हातात देत. ज्या पोटात तो घोट जायचा त्या पोटाचा हा तुकडा. तिने ठोकळा खाली ठेवला आणि हात धुतले, जसे ती नेहमी धुवी.

सहकारी दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आला. "त्या जुन्या काचा कुठल्या? भरलेल्या आहेत अगदी. शिकवायला ठेवाव्यात अशा." एवढं म्हणून तो चहा आणायला गेला. तिने दार लावून घेतलं आणि मग पाहिलं. फिकट सोनेरी पार्श्वभूमीवर काळे, छोटे, वळलेले जंतू. श्लेष्माच्या थरात, खाचांच्या तोंडाशी, थव्याने. थोडं पलीकडे भिंत संपत होती आणि अल्सरची कड लागत होती, खोल, खूप जुनी, घट्ट व्रणाने वेढलेली. ही काही एका दुपारची गोष्ट नव्हती. महिनेच्या महिने हळूहळू खणत खणत तो अल्सर रक्तवाहिनीपर्यंत गेला होता. तिला रडू आलं नाही. तिला काय वाटलं ते तिने नंतर अनेकदा आठवायचा प्रयत्न केला, आणि दर वेळी एवढंच आठवलं की खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, ती गाडी पीं पीं करत होती, आणि ते लवकर थांबावं असं तिला वाटत होतं.

दादा आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. तिच्या प्रयोगशाळेत तो इतक्या वर्षांत दोनदाच आला असेल. तिने स्टूल खालीवर करून दिलं, भिंग जुळवून दिलं. पहिल्यांदा त्याला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग म्हणाला, "हां." मोठे, तांब्याच्या तारेने चरे पडलेले हात त्याने मांडीवर ठेवले होते, काही बिघडू नये म्हणून.

"हे बाबा?" त्याने डोळा न काढता विचारलं.

"बाबांचं जठर. काळे काळे दिसतात ना, ते जंतू."

"बारीक आहेत गं फार."

"हो."

"नक्की हेच?"

"नक्की. आता मी तुला नक्की म्हणून सांगते. तो अल्सर खूप दिवसांचा होता. रक्तवाहिनी त्या दिवशी फुटली नसती तर दुसऱ्या दिवशी फुटली असती. तू काही बोलला असतास, नसतास, तू घरात नसतास तरीही."

तो अजून वाकूनच होता. "म्हणजे मी ओरडलो त्याने काहीच झालं नाही."

"काहीच नाही."

आता तो सरळ होईल, सुटल्यासारखा श्वास सोडेल, असं तिला वाटलं होतं. तिने त्या श्वासासाठी मनात जागा करून ठेवली होती. तो सरळ झाला, चष्मा लावला आणि म्हणाला, "ऐकलं तरी असेल का त्यांनी?" तिला समजलं नाही. "त्यांना आतून दुखत असेल तेव्हा," तो म्हणाला, "मळमळत असेल. जेवताना तसेच बसले होते ना ते, घाम आला होता कपाळावर. मला वाटलं रागाने आलाय. जन्मात एकदाच मी मला काय हवंय ते बोललो चिमे, आणि पुढचं सगळं आयुष्य मी असं धरून चाललो की मी फार जोरात बोललो. माणूस मेला एवढ्या जोरात. आणि आता तू म्हणतेस त्याने काहीच झालं नाही." तो हसला, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "मग मी ते दुकान कशासाठी उघडलं?" तिच्याकडे उत्तर होतं. माझ्यासाठी, हे उत्तर होतं. तिच्या वसतिगृहासाठी, तिच्या विमानाच्या तिकिटासाठी, या खोलीसाठी, या मायक्रोस्कोपसाठी ज्यातून तो आत्ता पाहत होता. ते तिला उच्चारता आलं नाही, कारण ते कारण नव्हतं, नंतरचा परिणाम होता, आणि या दोहोंत गल्लत करायची नाही हेच तर तिचं सगळं शिक्षण होतं. ती म्हणाली, "चहा घेतोस?" तो म्हणाला, "घेऊ." मग दोघांनी चहा घेतला आणि पंपाच्या मोटरीचं गिऱ्हाईक पैसे देईना त्याबद्दल तो बोलत राहिला.

पुढच्या रविवारी ती नेहमीसारखी जेवायला गेली. आई, दादा, वहिनी, ती. आई ऐंशी ओलांडलेली, कानाने थोडी कमी, बाकी खणखणीत. आमच्या घरात जेवताना कोणी भांडत नाही, हे ती पाहुण्यांना अभिमानाने सांगे. त्या दिवशी भात मोकळा झाला नव्हता म्हणून वहिनी खंतावत होती. आईने विचारलं, "याच्या पायाचं काय?" "सुधारतंय," ती म्हणाली. "नसा हळूहळू ताळ्यावर येतात. सगळ्या येतीलच असं नाही." "लहानपणापासून नाजूकच तो," आई म्हणाली आणि भात कालवू लागली.

दादाने घास खाली ठेवला. "आई, मला बोटीवर जायचं होतं."

"कुठल्या बोटीवर?"

"नोकरीला. बाबा होते तेव्हा."

आईने आठवून पाहिलं. "हो, काढलं होतंस खरं तसलं काहीतरी. मग जायचं होतंस की. तुला काय कोणी धरून ठेवलं होतं?"

"तू!" दादा ओरडला. "तू धरून ठेवलंस! झालं तुझ्या मनासारखं, असं म्हणालीस मला. दवाखान्यात, सगळ्यांच्या देखत! बाबांच्या पोटात जंतू होते आई, जंतू! मी काही नाही केलं! मी फक्त बोललो होतो!" त्याचा आवाज मध्ये चिरकला, कारण वापरात नव्हता, पण तो थांबला नाही, टेबलावर त्याने हात आपटला तशी पाण्याची भांडी हलली. आणि मग तिच्या लक्षात आलं की ती दादाकडे बघतच नाहीये. ती आईच्या तोंडाकडे बघतेय, टक लावून, ओठांच्या कडेकडे, नऊ वर्षांच्या मुलीने बघावं तशी, की आता आई उठेल, आता मोरीतून तो आवाज येईल. एवढं शिकून, एवढं लिहून, भाषणं देऊन, तिच्या आत कुठेतरी अजून पक्कं होतं की ओरडलं की माणूस मरतो. आईने तोंडातला घास चावला. गिळला. पाण्याचा घोट घेतला. काहीही झालं नाही. 

"मी?" आई म्हणाली. "असं म्हणाले मी?"

"म्हणालीस."

"मला नाही आठवत."

"मला आठवतं," दादा म्हणाला, आता हळू. मग वहिनी डाव हातात तसाच धरून म्हणाली, "तीस वर्षं संसार केला, ह्यांचा आवाज एवढा आहे हे मला आज कळतंय." दादाने तिच्याकडे पाहिलं, मग ताट पुढे केलं. "भात वाढ," म्हणाला. तिने वाढला. सगळ्यांनी जेवण पुरं केलं.

जेवणानंतर तिने आईला आतल्या खोलीत नेऊन आडवं केलं. दादा स्वयंपाकघरात भांडी विसळत होता. नळाचा आणि ताटांचा आवाज येत होता. आई छताकडे बघत पडली होती. "खरंच म्हणाले मी तसं?" तिने विचारलं.

"हो. मी होते तिथे."

"तू केवढीशी होतीस."

"पण होते."

आई कुशीवर वळली. "त्या डॉक्टरच्या बुटावर डाग होता," ती म्हणाली. "तेवढा आठवतो. वाळलेला, असा गोल. त्याच्याकडे बघत होते मी, आणि तो काय सांगतोय ते ऐकू येत नव्हतं. दुसरं काही म्हणशील तर नाही गं आठवत. कोणाला तरी बोलायचं होतं. समोर हा उभा होता." मग हात पुढे केला. "उठव मला."

"आत्ताच तर पडलीस. झोप थोडी, मग बोल."

"उठव म्हणते ना."

तिने उठवलं, काठी हातात दिली, दारापर्यंत गेली. आईने मागे हात करून तिला तिथेच थांबवलं आणि एकटी भिंतीच्या कडेने स्वयंपाकघराकडे गेली. ती पलंगावर येऊन बसली. चादर चुरगळली होती ती सरळ करत राहिली. आईचा आवाज आला, खालच्या पट्टीतला, शब्द कळण्यासारखे नव्हते. मग नळ बंद झाला आणि दादाचा आवाज आला, स्वच्छ, मोठा, "काय म्हणालीस? नळ चालू होता. परत सांग." आई पुन्हा बोलणार, या वेळी मोठ्याने, हे तिला कळलं. तिने उठून दार लोटून घेतलं.